वर्षावास संपला म्हणून विहाराला कुलूप कशाला?

मा. संपादक साहेब, सप्रेम जय भीम.

आश्विन पौर्णिमेला आमच्या गावच्या विहारात वर्षावासाची समाप्ती झाली. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने रोज रात्री ग्रंथवाचन चाललं, शेवटी खीरदान झालं आणि दुसऱ्या दिवशी कुलूप. दरसाल असंच होते आणि दरसाल मला वाईट वाटते म्हणून हे पत्र.

पंचशील आपण लहानपणापासून म्हणतो पण प्रत्येक शीलाच्या शेवटी ‘सिक्खापदं समादियामि’ येते त्याच्याकडे किती जणांचं लक्ष असते? हा नियम मी शिकायला घेतो असं आहे ते, कोणाचा हुकूम नाही, म्हणजे रोज गिरवा लागते. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात २२ प्रतिज्ञा दिल्या त्यातली बारावी दहा पारमितांची, म्हणजे दान, शील, खंती असे दहा गुण अंगी आणायची, त्या आमच्या विहारात भिंतीवर लिहून आहेत, पण वावरात कोण नेते?

मी कास्तकार माणूस. मागच्या साली सोयाबीन निघाल्यावर शेजाऱ्यानं हरभऱ्यासाठी रोटावेटर मारताना धुरा, म्हणजे आमच्या दोघांमधला बांध कोरला, दोन ओळी माझ्याकडे सरकला. धुऱ्यापायी आपल्याकडे डोकी फुटतात, माझाही हात काठीवर गेला होता. पण त्या पावसाळ्यात मी रोज दहा मिनिटं आनापान करत होतो, नुसता येणारा जाणारा श्वास पाहायचा, बस, त्यानं असं झालं की राग चढताना मला दिसला, कानशिलं तापली, छाती धडधडली, सगळं कळत होतं. निंबाखाली जाऊन बसलो, कोणाला फोन नाही केला. राग गिळलाही नाही, कारण गिळलेला राग घरी बायकोवर निघते हे मी केलेलं आहे आणि त्याची मला लाज आहे. नुसतं पाहत राहिलो तर अर्ध्या तासात उतरला. धम्मपदात क्रोधवग्गात आहे, उधळलेल्या रथासारखा चढलेला राग जो आवरते तोच सारथी, बाकीचे नुसते कासरा धरून बसलेले. ज्यानं उधळलेली बंडी आवरली त्याला हे समजवा लागत नाही.

पण खंती, म्हणजे सहनशीलता, ही गप बसणं नाही, पोरांना हे नीट सांगा नाहीतर ते म्हणतील बुद्ध मार खाणं शिकवते. १९२७ ला महाडला आपल्या लोकांवर हल्ला झाला तरी बाबासाहेबांनी उलट हात उचलू दिला नाही, आणि पाण्यावरचा हक्कही सोडला नाही. मी संध्याकाळी शेजाऱ्याच्या घरी गेलो, म्हटलं भाऊ, मोजणी आणू, खर्च अर्धा अर्धा. मोजणी झाली, हद्दीचे गोटे परत रोवले. बोलणं अजूनही कामापुरतंच आहे.

वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणं सोडायला मात्र मला रागापेक्षा जड गेलं, भाव पडला की मन म्हणते एक बादली मारली तर काय होते.

इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसाच्या शिबिराला फी नाही, पण वेचणीत मजुरी बुडवून जाईल कोण, बायांना तर घरचेच सोडत नाही. म्हणून यंदा आम्ही विहाराची किल्ली मागून घेतली. वंदना झाली की पंधरा मिनिटं बसतो, माईक नाही, भाषण नाही. सात जण असतो, त्यात पाच बाया, दिवसभर वेचून कंबर दुखत असते तरी येतात.

दुसऱ्या गावात असं कोणी चालवत असेल तर त्यांनी आपल्या पेपरात लिहावं, लहान पोरांना कसं बसवता ते जरूर लिहा, आमच्याकडे ते पाच मिनिटात उठून पळतात.

एक कास्तकार वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ