देणगी उरल्यासुरल्यातून नको

संपादक महोदय,

मॅरेथॉन आणि सायकल रॅलीनंतर आता व्यावसायिक गोल्फ स्पर्धेतून सेवाकार्यासाठी निधी उभारावा, अशी भाषा नाशिकमध्ये ऐकू येते. बऱ्याच नाशिककरांचा गोल्फशी संबंध गोल्फ क्लब मैदानापुरता, आणि तिथेही पाहिले ते रणजीचे क्रिकेट. त्यामुळे या खेळात पैसा येतो कुठून आणि गळतो कुठे, हे आधी मांडलेले बरे.

दाखला अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांच्या मालिकेचा, म्हणजे पीजीए टूरचा दिला जातो. तिथल्या स्पर्धांमधून दिलेल्या देणग्यांनी २०२० च्या सुरुवातीला तीन अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला, हे खरे. पण तिथल्या बहुतेक स्पर्धा ना-नफा संस्थाच भरवतात, मैदानावरची बरीचशी कामे स्वयंसेवक करतात आणि खर्च वजा जाता उरेल ते सेवाकार्याला जाते. आपल्याकडे पीजीटीआय या भारतीय व्यावसायिक मालिकेच्या स्पर्धेत बक्षिसांची एकूण रक्कम अनेकदा एक कोटीच्या घरात असते. ती प्रायोजकांकडून येते आणि खेळाडूंची कमाई असते. दानाचा त्यात रुपयाही नसतो. तिकीटविक्री जवळपास नाहीच. ‘उरेल ते देऊ’ म्हणणाऱ्याच्या हाती बहुधा मंडपवाल्याचे बिल उरते.

पैसा उभा राहतो तो मुख्य स्पर्धेच्या आदल्या दिवशीच्या प्रो-ॲममध्ये. एक व्यावसायिक आणि तीन हौशी खेळाडू, असा एक संघ. मैदानात अठरा होल, आणि प्रत्येकाचा पहिला फटका जिथून मारतात ती टी. अठरा टींवरून अठरा संघ एकाच वेळी सुरू होतात, म्हणजे ५४ हौशी जागा विकता येतात. संघामागे एक लाख घेतले तर अठरा लाख, असा हिशेब बैठकीत फळ्यावर मांडला जातो. पण त्या लाखातच १८ टक्के जीएसटी धरला असेल तर हाती ८४,७४६ रुपये येतात, म्हणजे अठरा संघांचे सव्वापंधरा लाख. टोपी, टी-शर्ट, चेंडू, कॅडी (खेळाडूची पिशवी वाहणारा मदतनीस), मैदानाचे शुल्क आणि जेवण मिळून माणशी १२,००० धरले तर आणखी ६ लाख ४८ हजार गेले. राहिले पावणेनऊ लाख. हा आकडा वाईट नाही, पण पत्रिकेवर अठरा लाख छापले की गोंधळ तिथूनच सुरू होतो. उत्पन्न वाढवायला सत्तावीस संघ घेण्याचा मोह होतो. मग निम्म्या टींवर दोन-दोन संघ उभे राहतात, पार-३ होलवर (जो तीन फटक्यांत संपवणे अपेक्षित असते) रांग लागते, पाच तासांचा खेळ सहा-साडेसहा तासांवर जातो आणि निधीसाठीच्या रात्रीच्या लिलावाला निम्मी माणसे घरी गेलेली असतात. हिवाळ्यात सहाच्या सुमारास मावळते. दुपारी साडेबारानंतर खेळ सुरू केला तर शेवटचे होल अंधारात जातात.

सामान्य नागरिकाला सामील करून घेणारी रीत म्हणजे बर्डीमागे देणगी. एखादे होल पारपेक्षा, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, एक फटका कमी मारून संपवले की बर्डी. अमेरिकेतल्या जॉन डिअर क्लासिक स्पर्धेत १९९२ पासून असा उपक्रम चालतो. तिथे बर्डीमागे एक सेंट कबूल करूनही सहभागी होता येते. आपल्याकडचे गणित असे : रोज अठरा होलची एक फेरी धरून १२० खेळाडूंच्या पहिल्या दोन दिवसांच्या २४० फेऱ्या, मग कटनंतर, म्हणजे मागे पडलेले बाद झाल्यावर, उरलेल्या पन्नासेक खेळाडूंच्या आणखी १००. फेरीला सरासरी तीन बर्डी धरल्या तर हजाराच्या आसपास. दहा रुपये कबूल करणाऱ्याला दहा हजार पडतात. शंभर कबूल करणाऱ्याला लाख. हे अर्जावर स्पष्ट लिहिलेले नसते, म्हणून आकडा कळल्यावर लोक फोन उचलत नाहीत. अर्जावरच अंदाजे बर्डी आणि देणगीची कमाल मर्यादा छापावी, निम्मी रक्कम आधी घ्यावी. ईगल (पारपेक्षा दोन फटके कमी) मोजायचा की नाही, पावसाने ७२ ऐवजी ५४ होलच झाले तर काय, हेही आधीच ठरवावे. मोजणी अधिकृत स्कोअरकार्डावरूनच व्हावी.

होल-इन-वनला, म्हणजे पहिल्याच फटक्यात चेंडू होलमध्ये घालणाऱ्याला, बक्षीस म्हणून मोटार ठेवायची तर विमा लागतो. त्यात टीपासूनचे अंतर, साक्षीदार आणि व्यावसायिक खेळाडू धरले आहेत की फक्त हौशी, हे सारे लिहिलेले असते. सकाळी माळ्याने टी दहा यार्ड पुढे सरकवली तर दावा फेटाळला जाऊ शकतो आणि मोटारीची किंमत देणगीतून जाते.

करसवलतीबाबत बरीच चुकीची आश्वासने दिली जातात. संघशुल्काच्या बदल्यात खेळ आणि जेवण मिळते, म्हणून ती देणगी नव्हे. तिच्यावर ८०-जीची, म्हणजे देणगीवरील करसवलतीची, पावती देता येत नाही. खरी देणगी थेट संस्थेच्या खात्यात, चेकने किंवा यूपीआयने, पॅनसह घ्यावी. दोन हजारांवरील रोख देणगीला सवलत नाही. नवी करप्रणाली निवडलेल्या पगारदाराला ही सवलत मुळातच मिळत नाही, हे त्याला आधी सांगावे. सातपूर-अंबडच्या कंपन्यांनीही ध्यानात ठेवावे की जाहिरातीच्या लाभासाठी दिलेले प्रायोजकत्व सीएसआर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या, खर्चात धरता येत नाही. २०२१ च्या नियमबदलानंतर तर हे अगदी स्पष्ट आहे. फलकावर नाव हवे तर जाहिरातीच्या खात्यातून द्या. सीएसआरचा पैसा वेगळा, नोंदणीकृत संस्थेला, ठरलेल्या कामासाठी द्या. ‘समाजकार्यासाठी’ इतके मोघम नको. सुरगाण्यातल्या अमुक पाड्याला पाण्याची टाकी, इतके नेमके असावे. पैसे घेऊन लकी ड्रॉची तिकिटे विकणे तर टाळावेच. तो खासगी लॉटरीचा प्रकार ठरतो.

म्हणून आयोजकांनी स्पर्धा जाहीर करतानाच देणगीची किमान रक्कम सांगावी, ती पहिल्या प्रायोजकाच्या पैशातून वेगळ्या खात्यात टाकावी आणि उरलेल्यात स्पर्धा बसवावी. बसत नसेल तर मंडप लहान करावा, कॅडींच्या मजुरीला हात लावू नये. स्पर्धेनंतर साठ दिवसांत जमा, खर्च आणि संस्थेच्या खात्यात पैसे पडल्याची तारीख वर्तमानपत्रात यावी. पुठ्ठ्याच्या मोठ्या धनादेशासोबतचा फोटो हा हिशेब धरू नये.

— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक