डब्यावरचा वेग चार इंचांचा, चित्र मात्र दोन इंची रिव्हॉल्व्हरचं : काडतुसांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा व गुणवत्ता विभाग

विषय : ‘लहान नळीसाठी खास’ म्हणून विकलेली .३८ स्पेशल प्लस पी (जादा दाबाची), १२५ ग्रेन (सुमारे ८ ग्रॅम) हॉलो पॉइंट (गोळीच्या टोकाला खळगा असलेली) काडतुसे – चुकीची माहिती, सैल क्रिंप (गोळी धरून ठेवणारी पुंगळीची आत वळवलेली कड) आणि वर आलेले प्राइमर (घोड्याच्या घावाने दारू पेटवणारी बुडातली टोपी)

महोदय / महोदया,

वरील काडतुसांचे एकाच लॉटचे चार डबे आम्ही घेतले. प्रत्येक डब्यात २० नग होते. लॉट क्रमांकाचा फोटो, मोजमापांचा तक्ता आणि पावतीची प्रत सोबत जोडली आहे. न वापरलेली काडतुसे आणि अडकलेले एक काडतूस आम्ही वेगळे ठेवले आहे. ते तपासणीसाठी कसे पाठवायचे ते लेखी कळवा. दारूगोळा साध्या टपालाने पाठवता येत नाही हे आपल्याला सांगायला नको, तरी आपल्या पहिल्या उत्तरात तेच सुचवले होते.

आधी वेगाबद्दल. डब्यावर ९५० फूट प्रति सेकंद छापले आहे. कोणत्या नळीतून, हे लिहिलेले नाही. विचारल्यावर ‘चार इंची चाचणी नळी’ असे कळवण्यात आले. डब्यावर चित्र आहे खिशात मावणाऱ्या पाच गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरचे, आणि तशा रिव्हॉल्व्हरची नळी साधारण पावणेदोन ते दोन इंच असते. १⅞ इंची नळीतून १० गोळ्या क्रोनोग्राफवर (वेगमापकावर) घेतल्या, तेव्हा सरासरी ८२५ निघाली. वेगात १३ टक्के घट म्हणजे फार नाही असे वाटेल. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, त्यामुळे ३४० ज्यूलवरून ती सुमारे २५६ वर येते. पाव भाग गेला.

नळी आखूड असली की वेग घटणारच, त्याबद्दल तक्रार नाही. गोळी बाहेर पडते तेव्हा दारू पुरती जळालेली नसते, आणि सिलिंडर व नळी यांच्यामधल्या फटीतूनही थोडा वायू निसटतो. तक्रार अशी की आपण गोळी आणि दारू दोन्ही चार इंची नळीसाठी निवडली आणि डब्यावर ‘लहान नळी’ लिहिले. संथ जळणारी दारू आखूड नळीत वाया जाते. ती नळीच्या तोंडापुढे जळते, म्हणून अंधारात डोळे दिपवणारा जाळ होतो. जे कण जळत नाहीत ते एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली जाऊन बसतात. चांदणीखाली थोडे कण साचले तरी ती पूर्ण खाली बसत नाही, मग सिलिंडर बंद होताना घासतो आणि चाप जड लागतो. दोन डबे झाडल्यावर नेमके हेच झाले.

वेगाच्या घटीचा खरा परिणाम गोळीच्या टोकावर दिसतो. हॉलो पॉइंट फुलते ते खळग्यात शिरलेल्या द्रवाच्या दाबाने, आणि त्या दाबासाठी किमान वेग लागतो. १० टक्के जिलेटिनच्या (चाचणीत शरीराऐवजी वापरतात त्या) उघड्या ठोकळ्यात आपली गोळी बरी फुलली. पुढे डेनिमचे चार थर लावले की खळगा कापडाने गच्च भरला आणि गोळी गोल टोकाच्या साध्या गोळीसारखी आरपार गेली. पाचपैकी चार गोळ्या ४० सेंटिमीटरचा ठोकळा ओलांडून मागच्या ठोकळ्यात शिरल्या. अमेरिकेच्या एफबीआयने १९८६ च्या मायामीतील चकमकीनंतर जे निकष ठरवले, त्यांत अपेक्षित खोली १२ ते १८ इंच, म्हणजे साधारण ३० ते ४६ सेंटिमीटर आहे. न फुललेली गोळी याहून पुढे जाऊ शकते, आणि पलीकडे कोण उभे आहे याची जबाबदारी गोळी झाडणाऱ्याचीच असते. आपल्या पत्रकातला फुललेल्या गोळीचा सुबक फोटो कोणत्या नळीतून आणि कशावर झाडलेल्या गोळीचा आहे?

हलकी गोळी भरून वेग वाढवा, असा सोपा उपाय कृपया सुचवू नका. ११० ग्रेनची गोळी वेगाने जाते, फुलतेही, पण वजन कमी असल्याने बरेचदा पुरेशी आत जात नाही. आखूड नळीसाठी १३५ ग्रेनच्या, रुंद खळग्याच्या आणि कमी वेगाला फुलतील अशा गोळ्या बनवता येतात, आणि बाजारात त्या आहेतही. नाहीतर सरळ १४८ ग्रेनची वॉडकटर घ्यावी. तिचे तोंड सपाट आणि कडा धारदार असते, ती फुलण्यावर अवलंबून नसते, धक्का सौम्य, आणि नेम पुन्हा लवकर बसतो. दोष एवढाच की सपाट तोंडामुळे ती घाईत चेंबरमध्ये सरकत नाही, स्पीडलोडरने (सगळी काडतुसे एकदम भरायच्या साधनाने) भरताना कडेला अडते. आम्हाला विचाराल तर खूप हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये आपल्या प्लस पीपेक्षा ती कधीही बरी.

आता सगळ्यात गंभीर बाब, क्रिंप. सुमारे ४२५ ग्रॅमच्या अॅल्युमिनियम फ्रेमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाच काडतुसे भरली, चार झाडली आणि पाचवे काढून कॅलिपरने मोजले. हलक्या रिव्हॉल्व्हरसाठी काडतूस निवडताना ही चाचणी करायलाच हवी. गोळी झाडली की रिव्हॉल्व्हर झटक्याने मागे येतो, त्याबरोबर उरलेल्या काडतुसांच्या पुंगळ्याही मागे ओढल्या जातात, आणि आतली गोळी जडत्वाने जागीच राहू पाहते. क्रिंप आणि पुंगळीची पकड कमी असेल तर ती दर धक्क्याला थोडी थोडी पुढे सरकते. शस्त्र जितके हलके, तितका हा झटका जोराचा. म्हणून पोलादी रिव्हॉल्व्हरमध्ये घेतलेली आपली चाचणी इथे काहीच सिद्ध करत नाही.

अशा १० फेऱ्या घेतल्या. ७ फेऱ्यांत शेवटच्या काडतुसाची लांबी ०.३ ते १.१ मिलिमीटरने वाढलेली होती. एका फेरीत गोळी सिलिंडरच्या तोंडाबाहेर आली, फ्रेमला अडली आणि सिलिंडर फिरेनासा झाला. पिस्तुलात गोळी अडकली तर स्लाइड ओढून मार्ग निघतो. इथे सिलिंडर उघडतही नव्हता, लाकडी दांड्याने गोळी हळूच मागे दाबल्यावरच सुटला. जी काडतुसे अडकली नाहीत तीही निर्धोक नव्हेत. पकड सुटली की दारूला सुरुवातीचा दाब मिळत नाही, ती नीट पेटत नाही आणि गोळी नळीतच राहू शकते. त्यावर पुढची गोळी झाडली गेली तर काय होते ते आपण जाणताच.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले की ‘फार हलक्या शस्त्रांसाठी हे उत्पादन शिफारस केलेले नाही’. हे डब्यावर कुठे आहे? सूक्ष्मदर्शकाने शोधूनही सापडले नाही. काही शस्त्र उत्पादक हलक्या मॉडेलच्या नळीवरच गोळीच्या किमान वजनाची अट कोरतात. डब्यावर एक ओळ छापणे त्याहून अवघड नसावे.

प्राइमरचे दोष संख्येने कमी, पण वगळण्यासारखे नाहीत. ८० पैकी ३ नगांत प्राइमर पुंगळीच्या बुडापेक्षा वर होता, बोट फिरवले तरी जाणवत होता. तो असतो बुडाशी समपातळीत किंवा किंचित आत. वर आलेला प्राइमर मागच्या प्लेटवर घासतो आणि सिलिंडर जड फिरतो. शिवाय घोड्याचा पहिला घाव त्याला खाली बसवण्यातच खर्च होतो, त्यामुळे काडतूस पेटत नाही. खिशातल्या रिव्हॉल्व्हरची मेनस्प्रिंग (घोड्याला जोर देणारी) लहान असते, वाया घालवायला तिच्याकडे जोर नसतो. तिन्हींपैकी एक पहिल्या घावाला पेटले नाही. सरावात अशा वेळी नळी सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबावे लागते. चाप पुन्हा ओढला आणि ते काडतूस उशिरा पेटले, तर तोवर ते नळीसमोरून बाजूला सरकलेले असते.

पुंगळ्या निकेल मुलाम्याच्या आहेत ही चांगली गोष्ट, अंधारात दिसतात आणि सहज सरकतात. मात्र आखूड नळीखालचा इजेक्टर दांडा पूर्ण लांबीची पुंगळी बाहेर ढकलत नाही, आणि आपल्या भरणीने पुंगळ्या इतक्या फुगल्या की दोनदा नखाने ओढून काढाव्या लागल्या.

आमच्या मागण्या : चारही डब्यांची पूर्ण रक्कम परत करावी. हा लॉट विक्रीतून काढून क्रिंप आणि प्राइमरची खोली तपासावी, आणि निष्कर्ष आम्हाला लेखी द्यावा. नव्या छपाईत वेगाच्या आकड्याशेजारी नळीची लांबी आणि फट असलेली की सलग चाचणी नळी तेही असावे, दोन इंची नळीचा आकडा वेगळा द्यावा, डेनिममागच्या जिलेटिनमधली खोली द्यावी. किती वजनाच्या रिव्हॉल्व्हरपर्यंत क्रिंप टिकतो ते स्पष्ट लिहावे. यासाठी जागा हवी असेल तर डब्यावरची लाल वीज आणि गरुड काढता येतील.

हे होईपर्यंत निदान ‘लहान नळीसाठी खास’ हे शब्द तरी झाकावेत. साधे स्टिकर पुरेल. ३० दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मोजमापांच्या तक्त्यासह ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाऊ. अडकलेले काडतूस तोवर आम्ही जसेच्या तसे जपून ठेवत आहोत. मागे दाबल्यावरही त्याची गोळी पुंगळीतून किती बाहेर आहे ते फोटो क्रमांक ४ मध्ये पट्टीसह दिसते.

आपले,
या काडतुसांचे ग्राहक व नेमबाजी प्रशिक्षक

सोबत : पावतीची प्रत, लॉट क्रमांकाचा फोटो, क्रोनोग्राफच्या नोंदी, लांबीच्या मोजमापांचा तक्ता, फोटो १ ते ६