दम्याचा पंप सरकारी दवाखान्यात का नाही?

संपादक महोदय,

माझ्या मुलीला तीन वर्षं 'बाळदमा आहे, वयानं जाईल' असं म्हणून दर खेपेला कफ सिरप आणि अँटिबायोटिक दिलं, रात्री दोनला ती उशीवर ओणवी होऊन श्वास ओढायची, बरगड्यांमधली कातडी आत जायची आणि आम्ही नुसती पाठ चोळत बसायचो. शेवटी शहरात जाऊन स्पायरोमेट्री केली, म्हणजे नळीत जोरात फुंकायची टेस्ट, तेव्हा कुठे दमा नक्की झाला.

आमच्या तालुक्यात ही मशिनच नाही. बीपी-शुगरसाठी आशाताई घरी येतात, चांगलंच आहे, पण केंद्राच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात दमापण आहे ना, मग त्याची तपासणी कुठंय? श्वासनळ्यांची सूज कमी करणारा बुडेसोनाइडचा पंप २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, तरी इथे साल्ब्युटामॉलच्या गोळ्या आणि नेब्युलायझरवरच, म्हणजे औषधाची वाफ देणाऱ्या मशिनवरच, भागवतात. त्याने नळ्या तेवढ्यापुरत्या उघडतात, आतली सूज तशीच राहते, म्हणून तर मोठ्या पेशंटना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नका असं 'जिना' या दम्यावर काम करणाऱ्या जागतिक संस्थेने २०१९ लाच सांगितलंय.

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हा पंप आणि लहानग्यांसाठी स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं नळकांडं, फुकट द्या, आणि पंपाची सवय लागते ही भीती आशाताईंकडूनच घालवा. माझी मुलगी आता रोज पंप घेते, गेल्या पावसाळ्यात तिची शाळा एकदाही बुडली नाही. शेजारच्या ऊसतोड कामगाराच्या पोराला मात्र अजून वाफच देतायत.

– एक आई, जि. बीड