तिकिटावर शिपाई हवा, राजा नको

माझ्या संग्रहात 1914 चे पंचम जॉर्जचे एक आण्याचे तिकीट आहे. राजाच्या चेहऱ्यावर काळ्या शाईत तीनच अक्षरे छापलेली : आय.ई.एफ., म्हणजे भारतीय मोहीम दल. पहिल्या महायुद्धात परदेशी लढायला गेलेल्या आपल्या फौजेसाठीची ही तिकिटे. चित्र मात्र राजाचेच!

हिंदुस्थानात भारतीयांसाठी सक्तीच्या भरतीचा कायदा नव्हता. तरीही दहा लाखांहून जास्त माणसे समुद्रापार गेली (पोटासाठी किती अन् गावपाटलाच्या दडपणाखाली किती, ते ज्याचे त्यालाच ठाऊक). 1914 च्या सप्टेंबरअखेर आपले शिपाई फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरले, तेव्हा अनेकांच्या अंगात सुती खाकी होती आणि पुढ्यात बेल्जियमकडच्या फ्लँडर्स भागातला हिवाळा. मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कुत-अल-अमारा इथे 29 एप्रिल 1916 रोजी उपासमारीने शरण गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या.

2019 मध्ये टपाल खात्याने पहिल्या महायुद्धातील भारतीयांवर तिकिटे काढली, ते बरेच झाले. आता एक संच फक्त गणवेशांवर काढावा. पागोटे, पायाला गुंडाळलेल्या पट्ट्या आणि ती पातळ सुती खाकी, सगळे जसेच्या तसे. छातीवर पदके नसली तरी चालतील.

– एक तिकीटसंग्राहक, सातारा