पायथनसोबत मेमरीही शिकवावी

महोदय,

विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांत पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आता रुळली आहे, याचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र आकडेमोडीच्या तासाला नमपाय या पायथनच्या गणिती पॅकेजमधील काही फंक्शने करवून घेतली जातात आणि ती आकडेमोड प्रत्यक्षात कोण करते, हा प्रश्न बहुतेक वेळा बाजूलाच राहतो. मॅट्रिक्सचा गुणाकार असो वा समीकरणांची उकल, पायथनने दिलेले काम अखेर सी किंवा फोर्ट्रान या भाषांत लिहून कंपाइल केलेल्या, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवलेल्या, कोडकडे जाते. पायथन आणि हा कोड यांच्यामध्ये आकड्यांची देवाणघेवाण कशी होते, यावर प्रोग्रामचा वेग आणि उत्तराचा खरेपणा हे दोन्ही अवलंबून असतात.

पायथनच्या साध्या लिस्टमध्ये आकडे नसतात, आकड्यांचे मेमरीतील पत्ते असतात. ती सीच्या फंक्शनला थेट वाचता येत नाही. नमपायच्या अ‍ॅरेत, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यात, मात्र एकाच प्रकारचे आकडे मेमरीच्या एका सलग पट्ट्यात ठेवलेले असतात आणि सोबत थोडीशी माहिती असते: पट्टा कुठे सुरू होतो, आकडे कोणत्या प्रकारचे आहेत, ओळी व स्तंभ किती आणि पुढच्या ओळीवर किंवा स्तंभावर जाण्यासाठी किती बाईट ओलांडायचे. दहा हजार ओळी आणि तितकेच स्तंभ असलेली, प्रत्येकी आठ बाईटच्या दशांश आकड्यांची अ‍ॅरे ८० कोटी बाईट व्यापते. ती कॉपी न करता केवळ पत्ता पुढे देता येतो, हे या रचनेचे खरे सामर्थ्य आहे.

ही सोय सहज मिळालेली नाही. १९९५ मध्ये जिम ह्यूगुनिन यांनी न्यूमेरिक हे पॅकेज लिहिले, पुढे अमेरिकेतील स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमध्ये न्यूमअ‍ॅरे तयार झाले आणि वापरणारे दोन गटांत विभागले गेले. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी ही फूट मिटवून २००६ मध्ये नमपायची पहिली पूर्ण आवृत्ती दिली. मेमरीचा तोच तुकडा नमपायवाचूनही इतरांना वापरता यावा, यासाठी त्यांनी सहकाऱ्यासह मांडलेला बफर प्रोटोकॉल पुढे पायथनचाच भाग झाला.

धोके नेमके याच सांध्यावर आहेत. सी द्विमितीय अ‍ॅरे ओळीनुसार मांडते, फोर्ट्रान स्तंभानुसार. त्यामुळे नुसता पत्ता दिला, तर फोर्ट्रानला ओळींच्या जागी स्तंभ दिसतात. फोर्ट्रानचा कोड पायथनला जोडणारे एफटूपाय हे साधन अशा वेळी केवळ इनपुट म्हणून जाहीर केलेल्या अ‍ॅरेची मुकाट्याने कॉपी करते: उत्तर बरोबर येते, पण मेमरी दुप्पट लागते आणि मोठ्या गणितात त्याचे कारण सापडता सापडत नाही. सीची फंक्शने पायथनमधून थेट चालवणारे सीटाइप्स हे साधन वापरताना तर प्रकार जुळतो की नाही हे तपासणारेही कोणी नसते. विद्यार्थ्याने १, २, ३ अशी ६४ बिटांच्या पूर्णांकांची अ‍ॅरे करून तिचा पत्ता दशांश आकड्यांची अपेक्षा असलेल्या बेरजेच्या फंक्शनला दिला, तर ६ ऐवजी जवळजवळ शून्य उत्तर येते आणि पडद्यावर चुकीची एकही सूचना दिसत नाही. माझ्या मते प्रोग्राम बंद पडण्यापेक्षा हे अधिक घातक आहे, कारण असे उत्तर पुढे अहवालात जाऊन बसते. सीने पत्ता जपून ठेवला आणि पायथनने ती अ‍ॅरे मोकळी केली, तर काय होईल हेही सांगता येत नाही.

ही चर्चा केवळ तज्ज्ञांपुरती नाही. हवामानाची मोठी प्रारूपे आजही मुख्यतः फोर्ट्रानमध्ये आहेत आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत त्यांवर महत्त्वाचे काम चालते. आपल्या विद्यार्थ्यांना अशा ठिकाणी जायचे असेल, तर पायथन आणि अशा भाषांमधला हा सांधा त्यांनी पदवीच्या काळातच हाताळलेला असावा.

म्हणून विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे, की संगणकीय गणिताच्या प्रात्यक्षिकांत सीचे दहा ओळींचे एक फंक्शन विद्यार्थ्यांकडून लिहून घेऊन ते पायथनमधून चालवायला लावावे, नमपायमधील एनडीपॉइंटर या सोयीने अ‍ॅरेचा प्रकार व क्रम तपासून घ्यायला शिकवावे आणि कॉपी झाली की नाही, हे प्रत्येकाला स्वतः दाखवता आल्याशिवाय त्या प्रात्यक्षिकाचे गुण देऊ नयेत.

आपला,
एक निवृत्त गणित-अध्यापक, पुणे