ते माझ्या हिशेबी मांड

प्रिय लेकरा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. देव प्रेमच आहे, तर त्याला वधस्तंभ कशाला लागला? "जा, क्षमा केली" म्हणून त्याला मोकळं होता आलं नसतं का? आणि निर्दोष मुलाचा जीव घेऊन ज्याचा राग शांत होतो, अशा बापावर प्रेम तरी कसं करायचं?

असं विचारल्यानं तुझा विश्वास डळमळला असं मला मुळीच वाटत नाही. अँसेल्म या मध्ययुगातल्या धर्मशास्त्रज्ञानं याच प्रश्नावर आख्खा ग्रंथ लिहून 1098 मध्ये पुरा केला. पुढच्याच पिढीत पीटर आबेलार या दुसऱ्या धर्मशास्त्रज्ञाला त्याचं उत्तर पुरेसं वाटलं नाही. पापामुळे देवाचं जे देणं झालं ते फेडलं गेलं, यावर अँसेल्मचा भर. तर ते प्रेम पाहून माणसाचं मन वळतं, यावर आबेलारचा. दोघंही विश्वास ठेवणारेच. नायसीयाच्या विश्वासांगीकारातही, म्हणजे चर्चच्या प्राचीन श्रद्धा-कबुलीतही, "आम्हां मनुष्यांसाठी व आमच्या तारणासाठी" एवढंच येतं, तारण नेमकं कसं झालं याचं एकच सूत्र तिथं बांधलेलं नाही. तेव्हा तू निर्धास्तपणे विचार.

पण तू जे चित्र रंगवलंस, रागावलेला बाप आणि मुकाट बळी जाणारा मुलगा, ते शुभवर्तमानातलं नाही, हे मात्र मी ठामपणे सांगेन. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की माझा प्राण कोणी माझ्याकडून हिसकावून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या विश्वासणाऱ्यांना लिहितो की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. म्हणजे देव दूर उभा राहून वसुली करत नव्हता, जे सोसायचं ते तो स्वतःच सोसत होता. ख्रिस्त मेला म्हणून देव आपल्यावर प्रेम करू लागला, असं कुठंही लिहिलेलं नाही. प्रेम आधीपासून होतं, म्हणून तो आला. आणि सोसणं सोपं होतं असंही कोणी भासवलेलं नाही. गेथशेमाने बागेत "हा प्याला माझ्यापासून टळो" अशी विनवणी त्यानंच केली, आणि शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी ती झाकून ठेवली नाही.

आता "नुसती क्षमा" या तुझ्या मुद्द्याकडे वळते. इथं मला पौलानं फिलेमोनाला लिहिलेलं पत्र आठवतं. अवघ्या 25 ओव्या. पौल तुरुंगात आहे. फिलेमोनाचा गुलाम अनेसिम त्याच्याकडे आलेला आहे आणि तिथंच तो विश्वासात आलाय. तो मालकाकडून पळाला होता, कदाचित काही घेऊनही गेला होता, असं बहुतेक जण मानतात. पौल जपून "जर" म्हणतो. आता पौल त्याला परत पाठवतोय आणि फिलेमोनाला लिहितोय: त्यानं तुझं काही नुकसान केलं असेल, काही देणं लागत असेल, तर ते माझ्या हिशेबी मांड. मी पौल हे माझ्या हातानं लिहितो, मी फेडीन.

"झालं गेलं विसरून जा" असं पौलानं लिहिलेलं नाही, हे बघ. तसं लिहिलं असतं तर फिलेमोनाचं नुकसान खोटं ठरलं असतं. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला "त्यात काय एवढं" म्हणणं म्हणजे आणखी एक अन्याय. पण अनेसिमाकडूनच वसूल करायचं, तर तो जन्मभर फेडतच राहिला असता. म्हणून तिसरा माणूस मध्ये येतो, नुकसान खरं मानतो आणि ते स्वतःवर घेतो. वधस्तंभ मला असाच समजतो. देवानं आपलं पाप हलकं धरलं नाही आणि आपल्यालाही टाकलं नाही. पत्रातली मागणीही केवढी मोठी आहे! अनेसिमाला आता दासासारखा नव्हे, तर प्रिय भावासारखा स्वीकार, मलाच स्वीकारतोस तसा. नुसती शिक्षा माफ होणं म्हणजे तारण नव्हे. घरात जागा मिळणं, हे तारण.

तू विचारलंस, असं कोणी दुसऱ्यासाठी खरंच करतं का? 1941 मध्ये ऑशविट्झच्या छळछावणीतून एक कैदी निसटला, तेव्हा बदल्यात दहा जणांना उपाशी मारायला निवडलं. त्यातला फ्रान्सिशेक गायोव्हनिचेक बायकोमुलांच्या नावानं आक्रोश करू लागला. मॅक्सिमिलियन कोल्बे हे धर्मगुरू रांगेतून पुढं आले आणि त्यांनी त्याची जागा मागून घेतली. 14 ऑगस्टला त्यांना विषारी इंजेक्शन देऊन मारलं. गायोव्हनिचेक जगला, आणि 1982 मध्ये कोल्बेंना संत घोषित केलं तेव्हा तो तिथं हजर होता. असं दान माणूस फेडणार तरी कसं? स्वीकारून जगायचं, एवढंच हातात उरतं. तरी पौल याच्याही पुढं जातो. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात तो सांगतो की ख्रिस्त मेला तो आपण पापी असताना, त्याचे वैरी असताना.

पत्राच्या शेवटी तू घाईघाईनं लिहिलंस की देवाची क्षमा समजते, पण मलाच मला माफ करता येत नाही. ती ओळ वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. लेकरा, तू येशूच्या शिष्याकडे, पेत्राकडे बघ. कोळशाच्या शेकोटीपाशी उभं राहून त्यानं तीनदा येशूला नाकारलं. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी पुन्हा कोळशाचाच विस्तव, आणि येशूनं त्याला नाकारण्याबद्दल एक शब्दही विचारला नाही. तीनदा एवढंच विचारलं, "माझ्यावर प्रीती करतोस का?" तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी झाला, असं योहान लिहितो. म्हणजे जखम उघडी करावी लागली, ते दुखलंही. पण प्रत्येक उत्तरापाठोपाठ त्याला काम मिळालं: माझी मेंढरं पाळ. त्यानं स्वतःला माफ करेपर्यंत येशू थांबला नाही. तूही त्या दिवसाची वाट पाहत बसू नकोस. ज्याचं तू मन दुखावलंस त्याच्याकडे जा, जे परत करता येण्यासारखं आहे ते कर. जक्कय या जकातदारानं लोकांचं लुबाडलेलं चौपट परत करायची तयारी दाखवली ती येशू त्याच्या घरी आल्यावर, आधी नव्हे.

फिलेमोनाचं पत्र एका बैठकीत वाचून होतं. आज रात्रीच वाच. पौलाचं कुठं पटत नाही ते मला सविस्तर लिही, अँसेल्मचं राहू दे.

तुझी,
आई