‘नाश्त्यासह’ म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला पणजीतल्या स्वस्त ‘बेड अँड ब्रेकफास्ट’वरचा लेख वाचला. ‘बेड’वर दोन स्तंभ आणि ‘ब्रेकफास्ट’वर अर्धी ओळ: सकाळी चविष्ट नाश्ताही मिळतो. रंगवलेल्या भिंती आल्या, शिंपल्यांची खिडकी आली, बाल्कनीतली मांजर आली. चविष्ट म्हणजे काय, किती वाजता आणि किती, हे मात्र राहून गेले. जागेची एवढीच टंचाई होती तर मांजर थोडी आखडती घेता आली असती.

अल्तिनो टेकडीच्या पायथ्याला अशाच एका घरात (नाव घेत नाही) ‘नाश्त्यासह’ म्हणून काय वाढतात ते पाहा. स्लाइस ब्रेडचे दोन तुकडे, एकाच बाजूने भाजलेले. लोण्याची नखाएवढी पुडी, फ्रिजमधून त्याच क्षणी काढलेली, त्यामुळे पसरायला गेले की ब्रेडला भोक पडते. लाल रंगाचा जाम. फळ कोणते ते विचारू नये. दोऱ्याला लटकणारी चहाची पुडी आणि थर्मासातले कोमट पाणी, ज्यात चहा उतरतच नाही, नुसता रंग सुटतो. वेळ साडेआठ ते साडेनऊ. आणि याच दारावरून पावणेसातला पोदेर (दारोदार पाव विकणारा) सायकलचा भोंपू वाजवत गेलेला असतो. निळ्या प्लास्टिकखाली टोपलीत गरम गोवेकरी पाव: कोंड्याच्या पोया, उंडे, कातरे. समोरच्या घराला चार पोया देतो आणि पुढे जातो. पाहुणे बाल्कनीतून त्याचा फोटो काढतात आणि खाली येऊन स्लाइस खातात!

मालक असे का करतात तेही सांगतो. स्लाइसचे पाकीट तीन-चार दिवस निघते. आज चार माणसे, उद्या अकरा, बुकिंग रात्री दहाला येते आणि सकाळी रद्द होते. पाकीट या सगळ्याला पुरून उरते. पोईचे तसे नाही, ती त्या दिवसाची त्या दिवशी. शिवाय बुकिंगच्या अॅपवर ‘नाश्ता समाविष्ट’ या चौकटीत खूण केली की यादीत बरे दिसते, आणि ती खूण दोन स्लाइसवरही करता येते. लबाडी यात थोडी, आळस जास्त.

आळस म्हणतो, कारण हे काम अवघड नाही. पोदेर दिवसातून दोनदा येतो, सकाळी आणि दुपारनंतर. दुपारच्या फेरीला दुसऱ्या दिवशीचा आकडा सांगायचा आणि रात्री गेटला पिशवी टांगायची. पिशवी कापडी हवी. प्लास्टिकमध्ये गरम पोईला घाम सुटतो आणि ती अर्ध्या तासात ओल्या पुठ्ठ्यासारखी होते. आणि टांगायची छातीएवढ्या उंचीवर, नाहीतर आधी गल्लीतल्या कुत्र्यांचा नाश्ता होतो. सहा खोल्या, बारा माणसे धरली तर बारा पोया आणि बारा पाव, एकूण २४ नग. उरलेली पोई संध्याकाळी चामड्यासारखी होते, पण पाण्याचा हबका मारून तव्यावर झाकणाखाली मिनिटभर ठेवली की पुन्हा माणसात येते.

भाजीचे सांगतो. (मुंबईची लोण्यात घोटलेली पावभाजी नव्हे, आपल्याकडे पावभाजी म्हणजे काय हे पर्यटकाला एकदा छापून सांगा.) बारा जणांच्या पातळ भाजीला पाऊण किलो सुके पांढरे वाटाणे, अर्धा किलो बटाटे, एक नारळ. वाटाणे रात्री दहाला भिजत घालायचे, सकाळी सहाला कुकरला लावायचे. मे महिन्यात रात्रभर बाहेर राहिले तर पाण्याला फेस येतो आणि वास बदलतो. तेव्हा पातेले फ्रिजमध्ये. खोबरे आणि कांदा मंद आचेवर तांबूस भाजायचा. कडा काळ्या पडल्या की भाजी कडू, मग कितीही गूळ घाला. वाटण आदल्या संध्याकाळी करून ठेवले तरी चालते, फक्त ओट्यावर ठेवू नये, ओले खोबरे सकाळपर्यंत आंबते. सर्वांत मोठी चूक म्हणजे टोमॅटो किंवा आमसूल वाटाण्यासोबतच कुकरमध्ये टाकणे. आंबटात वाटाणा शिजत नाही, चार शिट्ट्यांनंतरही गोळीसारखा राहतो, आणि मग दोष वाटाण्याच्या दुकानदाराला. आधी नुसता शिजवावा, मग बटाटा, वाटण, मीठ, आंबट, वरून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी आणि दहा मिनिटे उकळी. कुकर धरून सकाळचा दीड तास लागतो. साडेसातला भाजी तयार.

वेळेचा मुद्दा मला चवीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. शहराच्या मध्यभागी स्वस्त खोली घेणारा माणूस कोण असतो? तुमच्या लेखातला, कॅमेरा घेऊन दहाला उठणारा असतोच. पण सावंतवाडी-कुडाळकडून बांबोळीच्या इस्पितळात दाखवायला आलेले असतात, त्यांना केस पेपरच्या रांगेसाठी सातच्या आत निघायचे असते. करमळी स्टेशनात सकाळची गाडी धरणारे असतात, कदंबच्या (गोव्याच्या एसटीच्या) पहिल्या गाडीने बेळगाव गाठणारे असतात. यांनी नाश्त्याचे पैसे भरलेले असतात आणि साडेआठला टेबल मांडले जाते तेव्हा ते केव्हाच निघून गेलेले असतात. खोलीच्या भाड्यात धरलेला नाश्ता वेगळा काढून परत मिळत नाही. अशांनी रात्री नऊच्या आत मालकाला सांगावे आणि त्याने पोईत ऑम्लेट घालून कागदात गुंडाळून द्यावे. उकडलेली दोन अंडी आणि दोन केळी दिली तरी चालेल. बुकिंग करतानाच विचारायचे दोन प्रश्न आहेत: नाश्ता किती वाजता सुरू होतो, आणि लवकर निघालो तर बांधून देता का? ‘बघू’ असे उत्तर आले तर बिननाश्त्याचा दर मागावा. गल्लीच्या तोंडाशी भाजीपाव मिळतोच.

बाकी लेखात सुटलेले थोडक्यात. गिझर खोलीत आहे की दोन खोल्यांत मिळून एक, हे विचारावे. १५ लिटरचा, २ किलोवॉटचा गिझर पाणी ६० अंशांवर न्यायला पंधरा-वीस मिनिटे घेतो आणि थंड पाणी मिसळून त्याचे अंगावर घेण्याजोगे ३५ ते ४० लिटर होते, म्हणजे दोन बादल्या. शॉवर सोडला तर चार-पाच मिनिटांत खेळ संपतो आणि मागच्याला पुन्हा वीस मिनिटे. पावसाळ्यात तळमजल्याची खोली घेण्याआधी कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून मागे नाक घालावे. चिऱ्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते. चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर सुटते, सिमेंटच्या गिलाव्यामागे कोंडते आणि मग लोणा (पांढरा क्षार) फुटतो. वरून ताजा निळा रंग मारलेला असला तरी वास लपत नाही. लेखिकेला त्या निळ्या रंगाचे फार कौतुक आहे.

आणि लेखाच्या चौकटीत खोलीवरचा जीएसटी १२ टक्के छापलाय. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे. हजार रुपयांच्या आतल्या खोलीला कर नाही, ही सवलत १८ जुलै २०२२ लाच गेली. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने नोंदणी न केलेला मालक थेट आलेल्या पाहुण्याकडून जीएसटी घेऊ शकत नाही. तीच खोली अॅपवरून घेतली तर कर अॅपवाले लावतात. नोव्हेंबरात इफ्फीच्या (चित्रपट महोत्सवाच्या) दिवसांत खोल्यांचे दर कुठल्या कुठे जातात, ते लिहिले असते तर वाचक महिनाभर आधी बुकिंग तरी करते.

आपला,
एक जुना वाचक, पणजी

ता. क. मथळ्यात त्या जुन्या वस्तीचे नाव ‘फोन्टेनहास’ छापले आहे. पोर्तुगीजमध्ये त्या जागी ‘ह’ ऐकू येत नाही, ‘न्य’ येतो: फोंताइन्यास. अर्थ लहान झरे. अल्तिनोच्या पायथ्याची फोंत फेनिक्स ही झर तुमच्या मुद्रितशोधकांना ठाऊक असेलच. शिवाय फोटोतले घर तिथले नाही, शेजारच्या ‘मळा’ या वस्तीतले आहे.